गोळी मेंदूची, पण लक्ष साऱ्या शरीराकडे हवे

इंदूरमधल्या पुष्कळ मराठी घरांत आता असे एखादे वडीलधारे माणूस आहे, ज्याला पन्नास वर्षांपूर्वी राजवाड्यासमोर कोणाचे दुकान कोणाच्या शेजारी होते हे बिनचूक सांगता येते, परंतु सकाळी पोहे खाल्ले की नाही हे दुपारी आठवत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. घरचे लोक आधी वयाला दोष देतात, नंतर ऐकू कमी येत असेल असे म्हणतात, आणि शेवटी तपासण्या होऊन अल्झायमरचे निदान झाले की पर्चीवर बहुतेक वेळा एक नाव येते: डोनेपेझिल, ५ मिलिग्रॅम, रात्री एक. हे नाव लिहून होईपर्यंत बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असतो, आणि घरचे लोक मनातले प्रश्न मनातच ठेवून दवा बाजाराच्या वाटेला लागतात. हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे.

माझ्या सासूबाईंना हे औषध सहा वर्षे चालू होते, आणि पहिल्याच वर्षी आमच्या हातून जी चूक झाली ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांचे रक्तदाबाचे कागद एका पिशवीत असत आणि मेंदूच्या डॉक्टरांचे दुसऱ्या पिशवीत. रक्तदाबासाठी त्यांना मेटोप्रोलॉल चालू होते, ज्याने हृदयाचे ठोके मंदावतात. डोनेपेझिलनेही ते मंदावू शकतात. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या परीने योग्यच औषध दिले होते, पण एकाची पर्ची दुसऱ्यापुढे ठेवण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही. डोनेपेझिलची मात्रा ५ वरून १० मिलिग्रॅम झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात सासूबाई न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन पडल्या. नाडी मिनिटाला ४४ भरली. हाड मोडले नाही आणि औषधांची फेरमांडणी होऊन त्या सावरल्या. पण त्याआधीचे आठ दिवस त्या 'डोळ्यांपुढे अंधारी येते' असे सांगत होत्या आणि आम्ही त्यांना उन्हाळा आहे म्हणून पन्हे देत होतो.

मेंदूसाठी दिलेल्या गोळीने हृदय कसे मंदावते, हे समजले की या औषधाविषयीच्या बाकीच्या बहुतेक सूचना आपोआप उलगडतात. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदये क्षारयुक्त पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस विजेने उद्दीपित केल्यावर त्याचे ठोके मंदावले. नंतर त्या हृदयाभोवतीचे पाणी घेऊन दुसऱ्या हृदयाला दिले, तर कोणतीही नस न छेडता तेही मंदावले. याचा अर्थ नसेने पाण्यात काहीतरी सोडले होते. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, आणि या शोधाच्या मालिकेसाठी लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशींचा निरोप पुढे पोहोचवणारे हे रसायन हृदयाला मंद करते, जठरात आम्ल स्रवायला लावते, आतड्यांची हालचाल वाढवते, श्वासनलिका आवळते, मूत्राशय आकुंचित करते, स्नायू हलवते, आणि मेंदूत लक्ष देणे व नवी गोष्ट मनात ठेवणे यांतही त्याचा मोठा वाटा असतो. अल्झायमरमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या, ॲसिटिलकोलीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. काम झालेले ॲसिटिलकोलीन लगेच तोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) शरीरात असते; जपानमधील ऐसाई कंपनीने शोधलेले आणि अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले डोनेपेझिल त्या विकराला अडवते. त्यामुळे जे थोडे ॲसिटिलकोलीन उरले आहे ते अधिक वेळ टिकते. मेलेली पेशी यामुळे परत येत नाही आणि उरलेल्या पेशींचे मरणेही थांबत नाही. गोळी मेंदूसाठी दिलेली असली तरी ती रक्तातून सगळीकडे जाते, म्हणून जेथे जेथे ॲसिटिलकोलीन काम करते तेथे तेथे तिचा परिणाम दिसू शकतो.

माळव्यातल्या शेतकरी कुटुंबांना यातली एक गोष्ट वेगळ्या रूपाने माहीत असते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक पोटात गेले की माणसाला घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, उलट्या व जुलाब होतात, नाडी मंदावते आणि रुग्णालयात ॲट्रोपीन दिले जाते. ते विषही त्याच विकराला अडवते, पण ते जवळजवळ कायमचे. डोनेपेझिल मोजक्या मात्रेत आणि सुटू शकेल असे अडवते. हे वाचून कोणी घाबरून गोळी बंद करू नये. एवढेच लक्षात ठेवावे की रुग्णाने विसरून चार-पाच गोळ्या एकदम घेतल्या तर हीच लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता १०८ वर फोन करून, गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन रुग्णालयात जावे.

गोळी सुरू करण्यापूर्वीची एक पायरी मात्र चुकवू नये. विसरभोळेपणा दिसणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत वारंवार आढळते. थायरॉइड मंदावणे, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीखाली साठलेले रक्त, यांनीही स्मृती ढासळते, आणि त्यांचे उपचार अगदी निराळे आहेत. रक्ताच्या या साध्या तपासण्या व मेंदूचे छायाचित्रण झाले आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. त्याच भेटीत हृदयाचा आलेख (ईसीजी) काढून घ्यावा आणि पूर्वी दमा, जठरव्रण, फिट येणे, लघवी तुंबणे किंवा हृदयाच्या ठोक्यांत अडथळा यांपैकी काही झाले असेल तर ते स्वतःहून सांगावे, कारण या प्रत्येक ठिकाणी ॲसिटिलकोलीनचे काम वाढणे त्रासाचे ठरू शकते.

सुरुवात सहसा रोज एकदा ५ मिलिग्रॅमने होते आणि चार ते सहा आठवडे ते सोसले तरच मात्रा १० केली जाते. ही घाई न करण्यामागे कारण आहे. डोनेपेझिलचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ७० तास लागतात, त्यामुळे रोजची गोळी आदल्या दिवसांच्या शिल्लकीवर चढत जाते आणि सुमारे दोन आठवड्यांनी प्रमाण स्थिरावते. म्हणून मात्रा वाढवल्यावर पहिले तीन दिवस ठीक गेले याचा अर्थ औषध मानवले असा होत नाही. आमच्या सासूबाईंना त्रास तिसऱ्या आठवड्यात झाला तो असाच. याच संथपणाचा एक फायदा असा की एखाद्या रात्री गोळी राहून गेली तर फारसे बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच गोळी द्यावी, दोन कधीही देऊ नयेत.

मळमळ, उलटी, जुलाब, भूक मंदावणे आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येणे ही सुरुवातीची लक्षणे बहुतेकांत काही दिवसांनी ओसरतात. वजन मात्र महिन्यातून एकदा घेऊन वहीत लिहावे, कारण आधीच कृश असलेल्या वृद्ध व्यक्तीचे दोन-तीन किलो घटले तरी ते कपड्यांत लपून जाते. काहींना रात्रीच्या गोळीने झोप लागत नाही किंवा इतकी ठसठशीत स्वप्ने पडतात की माणूस दचकून उठतो आणि घरात कोणी शिरले आहे असे सांगू लागतो. अशा वेळी भ्रम वाढला असे समजून झोपेची गोळी मागण्यापूर्वी डोनेपेझिल सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. जेवणाशी याचा संबंध नसल्याने वेळ बदलणे सोपे असते.

नाडी पाहायला घरातल्या एकाने तरी शिकावे. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. मात्रा सुरू झाल्यावर व वाढवल्यावर पहिले महिनाभर दोन-तीन दिवसांआड हे करावे, आणि नाडी ५० च्या खाली आली, अंधारी आली किंवा माणूस कारणाशिवाय पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर अधिकच सावध राहावे.

येथे आपल्या इंदुरी मराठी माणसांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. घरात आजी म्हणते 'गरगरतंय', आजोबा म्हणतात 'अंधारी आली', आणि दवाखान्यात मुलगा या दोन्हींचे हिंदीत 'चक्कर आ रहे हैं' असे एकच भाषांतर करतो. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन निराळ्या तक्रारी आहेत. भोवतालचे फिरते आहे असे वाटणे हे कानाच्या आतल्या भागामुळे किंवा मेमँटिन या अल्झायमरच्याच दुसऱ्या एका औषधामुळे असू शकते. उभे राहताच डोळ्यांपुढे काळोख येणे हे मंद नाडीचे किंवा उतरलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहून न्यावेत आणि तेच सांगावेत, भले वाक्य लांबले तरी चालेल.

आता सर्वांत जास्त चुकणारी बाब. ॲसिटिलकोलीन वाढवणारी गोळी एका हाताने द्यायची आणि ते अडवणारी गोळी दुसऱ्या हाताने द्यायची, असे असंख्य घरांत नकळत घडते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन, पोटातल्या कळांसाठीचे डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, कंपवातातील ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीच्या घाईसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, ही सर्व ॲसिटिलकोलीनला विरोध करणारी औषधे आहेत. ती डोनेपेझिलचा उपयोग पुसून टाकतात आणि वृद्ध मेंदूत स्वतंत्रपणेही गोंधळ वाढवतात. यातली साखळी अशी असते: डोनेपेझिलने मूत्राशय अधिक आकुंचन पावते, कपड्यांत लघवी होऊ लागते, घरचे लोक वेगळ्या डॉक्टरांकडे जातात, ऑक्सिब्युटिनिन मिळते, त्याने विसरणे वाढते, आणि मग डोनेपेझिल वाढवावे का असा प्रश्न उभा राहतो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या वृद्धांच्या औषधनोंदी पाहून संशोधकांनी २००५ मध्ये हीच साखळी दाखवून दिली होती. म्हणून नवी तक्रार उद्भवली की पहिला प्रश्न 'हे आधीच्या औषधामुळे तर नाही ना?' हा असावा.

गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्याही अशाच जपून घ्याव्या लागतात. डोनेपेझिलने जठरातील आम्ल वाढते आणि ही वेदनाशामके जठराचे अस्तर दुबळे करतात. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी शौचास झाली तर ती लोहाच्या गोळीची आहे असे गृहीत धरू नये.

डोनेपेझिलच्याच गटातले दुसरे औषध म्हणजे रिव्हास्टिग्मिन. त्याची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पोटभर खाण्याबरोबर घ्यायची असते, म्हणून एकादशी-चतुर्थीचे कडक उपास करणाऱ्या आजीबाईंचे वेळापत्रक आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे; रिकाम्या पोटी घेतलेली कॅप्सूल उलटीवाटे बाहेर येते आणि दोष औषधाला लागतो. हे औषध काही कारणाने तीनपेक्षा अधिक दिवस सुटले तर जुनी मात्रा तशीच पुन्हा देऊ नये, सर्वांत कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. बाहेरगावी लग्नाला गेल्यावर हे हमखास घडते. याचीच चिकटपट्टीही मिळते. नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे, कारण अंगावर दोन-तीन पट्ट्या राहून मात्रा धोकादायक वाढल्याची आणि त्यात मृत्यू झाल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत. पट्टी पाठीच्या वरच्या भागावर, रुग्णाचा हात पोहोचणार नाही अशा जागी लावावी, रोज जागा बदलावी, आणि तीच जागा चौदा दिवस पुन्हा वापरू नये. तेल लावलेल्या त्वचेवर ती टिकत नाही, तेव्हा अभ्यंगस्नानाच्या दिवशी अंग पूर्ण कोरडे करूनच लावावी. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते; ती चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

मेमँटिन हे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध असून मध्यम व तीव्र अवस्थेत बहुधा डोनेपेझिलच्या जोडीने दिले जाते. त्याची सुरुवातही ५ मिलिग्रॅमने होऊन आठवड्याआठवड्याने मात्रा २० पर्यंत नेली जाते. ते मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) वाढलेले असेल तर मात्रा कमी ठेवतात. आपल्याकडच्या दोन सवयी येथे नडतात. कोरड्या खोकल्याच्या कित्येक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, जे मेंदूत मेमँटिनसारख्याच ठिकाणी काम करते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्यास गोंधळ वाढू शकतो. दुसरे म्हणजे, लघवीची जळजळ झाली की मेडिकलमधून मनानेच आणलेले, लघवी अल्कधर्मी करणारे सिरप किंवा रोजचा खाण्याचा सोडा. लघवी अल्कधर्मी झाली की मेमँटिनचे शरीराबाहेर जाणे सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि नेहमीचीच मात्रा अधिक होऊन बसते. ही माहिती पाकिटातील बारीक अक्षरांत दडलेली असते, म्हणून मी ती मुद्दाम सविस्तर लिहिली.

डोनेपेझिल व मेमँटिन एकाच गोळीत असलेली पाकिटेही बाजारात आहेत, आणि त्यावरील मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव पाहून आत काय आहे ते कळत नाही. एका डॉक्टरांची जोडगोळी आणि दुसऱ्यांची सुटी डोनेपेझिल असे दोन्ही चालू राहिल्याने मात्रा दुप्पट होते. पाकिटावरील लहान अक्षरांतील घटकांचे नाव वाचण्याची सवय लावावी आणि सर्व औषधांची एकच यादी, मात्रेसह, एकाच कागदावर ठेवावी. तो कागद शस्त्रक्रियेच्या वेळी तर भूलतज्ज्ञांना दाखवलाच पाहिजे, कारण डोनेपेझिल भूल देताना वापरल्या जाणाऱ्या काही स्नायू-शैथिल्यकारक औषधांचा परिणाम वाढवते.

गोळी देण्याची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीवर असावी. पाकीट रुग्णाच्या उशाशी ठेवू नये. त्याला 'गोळी घेतलीत का?' असे विचारणे म्हणजे ज्या स्मृतीवर उपचार चालू आहेत तिच्याच भरवशावर उपचार सोडणे आहे. वारांचे खण असलेला डबा कपाटात ठेवावा. सासूबाई गोळी जिभेखाली धरून नंतर पदराच्या टोकात बांधून ठेवत. त्यांना ते औषध कशाचे आहे हे समजत नव्हते आणि भीती वाटत होती. तोंडात विरघळणारी गोळी मिळते हे आम्हाला उशिरा समजले.

चिडचिड, संशय, रात्रीचा आरडाओरडा वाढला की कधी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी औषधे दिली जातात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या गटातील औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. ती किती दिवसांसाठी आहेत, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे. ब्राह्मी, जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) यांसारख्या 'स्मरणशक्तिवर्धक' गोळ्या डोनेपेझिलची जागा घेऊ शकत नाहीत. तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत जिन्कोने स्मृतिभ्रंश टळला नाही, आणि ॲस्पिरिनसोबत ते घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.

मग या गोळीने मिळते काय? आई पुन्हा पूर्वीसारखी होईल या आशेने बसलेल्या मुलाला खरे उत्तर कठीण वाटते. काही रुग्णांत काही महिने ते वर्षभर घसरण थोपवल्यासारखी दिसते: स्वतःची वेणी घालणे, देवपूजेचा क्रम न चुकणे, फोनवर नातवाचा आवाज ओळखणे. काहींत काहीच फरक दिसत नाही. म्हणून सुरू करतानाच आपल्या माणसाला आज काय काय जमते याची यादी करावी आणि तीन व सहा महिन्यांनी तीच यादी डॉक्टरांसमोर ठेवावी; 'बरे वाटते' किंवा 'फरक नाही' या मोघम उत्तरांवर कोणताही निर्णय होऊ शकत नाही.

फरक नाही म्हणून गोळी मनानेच बंद करणे मात्र योग्य नव्हे. मध्यम ते तीव्र अल्झायमर असलेल्या २९५ रुग्णांवर ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांची स्थिती ते बंद केलेल्यांपेक्षा थोडी बरी राहिली. जी घसरण घरच्यांना दिसत असते ती गोळी नसताना अधिक वेगाने झाली असती का, हे बाहेरून दिसत नाही. थांबवण्याची वेळही येते, पण तेव्हा मात्रा आधी निम्मी केली जाते, काही आठवडे वाट पाहिली जाते, आणि प्रकृती झपाट्याने ढासळली तर औषध पुन्हा सुरू करता येते. सहाव्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, जेवण दोन घासांवर आले, तेव्हा डॉक्टरांनी १० ची मात्रा ५ केली आणि महिन्याभराने थांबवली. त्या महिन्यात त्यांच्या बोलण्यात किंवा ओळखण्यात काहीच कमी झाले नाही, नाडी ६८ वर आली, आणि मऊ भात त्या पुन्हा अर्धी वाटी खाऊ लागल्या.